वरची जोडी, हलका किकर आणि आधी बोलायची पाळी

हातात किलवरचा राजा आणि किलवरची छक्की. आपण बिग ब्लाइंडवर, म्हणजे पानं बघण्याआधीच एक चिप टाकून बसलेलो. बटणवर, म्हणजे शेवटी बोलण्याच्या जागेवर, बसलेल्याने रेज केलं, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, आपण कॉल केलं. फ्लॉपवर तीन पानं उघडली : बदाम राजा, इस्पिक नव्वी, चौकट दुर्री. टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी आपली जोडी जुळली, पण सोबतीचं पान, म्हणजे किकर, नुसती छक्की. आता पहिलं बोलायचं आपण, आणि शेवटच्या फेरीपर्यंत पहिलं बोलायचं आपणच. बेट करायची, चेक करून कॉल करायचं, चेक करून रेज करायचं, की सोडून द्यायचं?

पोकरच्या लिमिट होल्डेम या प्रकारावर गेली पन्नासेक वर्षं जे लिहिलं गेलं, त्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. उत्तरं मात्र काळाप्रमाणे बदलत गेली. ती का बदलली आणि आज कुठे येऊन थांबली आहेत, हे एकत्र पाहण्याजोगं आहे.

लिमिटमध्ये बोलीचा आकार ठरलेला असतो. पहिल्या दोन फेऱ्यांत एकेक चिप, टर्न आणि रिव्हर या पुढच्या दोन फेऱ्यांत दोन-दोन. एका फेरीत एक बेट आणि त्यावर तीन रेज, त्यापुढे वाढ नाही. कोणी अचानक सगळी रास पुढे ढकलून आपल्याला घाबरवू शकत नाही, आणि आपल्यालाही कोणाला पळवून लावता येत नाही. नो-लिमिटमध्ये, जिथे बोलीला मर्यादा नसते, राजा-छक्की एका डावात माणसाला रिकामं करू शकते. लिमिटमध्ये हा हात थोडं थोडं खातो आणि थोडं थोडं देतोही. शेवटपर्यंत जायला किती लागेल हे फ्लॉपवरच मोजता येतं. मला हा प्रश्न होल्डेममधला सर्वांत शिकण्याजोगा वाटतो तो याच कारणाने.

आधी बोलण्यातला तोटा कोकणात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मेंढीकोटात ज्याची उतारी त्याला अंदाजाने पान टाकावं लागतं. चौथा खेळाडू तीन पानं बघून आपलं पान निवडतो. सावंतवाडीच्या १२० पानी दशावतारी गंजिफात दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो सुरुवात करतो, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. (सावंतवाडी १९८१मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होती, त्यामुळे गंजिफावर आम्हा रत्नागिरीकरांचाही थोडा हक्क आहे.) या दोन्ही खेळांत जो हात जिंकतो त्याच्याकडे उतारी जाते, जागेचा तोटा भरून निघतो. होल्डेममध्ये फ्लॉपनंतर तसं होत नाही. आधी बोलणारा तिन्ही फेऱ्या आधीच बोलतो आणि शेवटी बोलणारा तिन्ही वेळा ऐकून बोलतो. रमी-मेंढीकोटात तरबेज असलेली माणसं होल्डेमला बसली की इथेच अडखळतात. या फेरीत चेक केलं तर पुढच्या फेरीत पाळी बदलेल, असं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

डेव्हिड स्कलान्स्की यांचं 'होल्डेम पोकर' हे छोटं पुस्तक १९७६चं. १९७९मध्ये डॉयल ब्रन्सन यांच्या 'सुपर सिस्टम'मध्ये लिमिट होल्डेमचं प्रकरण बॉबी बाल्डविन यांनी लिहिलं. ते आदल्याच वर्षीचे जागतिक विजेते. पुढे स्कलान्स्की आणि मेसन मालमुथ यांचं 'होल्डेम पोकर फॉर अॅडव्हान्स्ड प्लेयर्स' १९८८मध्ये आलं. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या कार्डरूममध्ये होल्डेमला कायद्याने वाट मिळाली होती, त्यामुळे वाचक तयारच होते. या पिढीने हलक्या किकरचा प्रश्न बराचसा फ्लॉपच्या आधीच निकालात काढला. स्कलान्स्की-मालमुथ यांनी सुरुवातीच्या पानांचे आठ गट केले. त्यात एकाच रंगाचा एक्का आणि लहान पान पाचव्या गटात आहे. वेगवेगळ्या रंगांचा एक्का-पंजी किंवा एक्का-सत्ती कुठल्याच गटात नाही. पहिल्या जागेवरून असा हात उचलायचाच नाही, म्हणजे पुढची पंचाईतच येणार नाही.

सल्ला बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. पण तो अर्ध्याच प्रश्नाला पुरतो. बिग ब्लाइंडवर बसलेल्याने एक चिप आधीच टाकलेली असते. बटणवरून रेज आलं की त्याला पॉटमधल्या साडेतीन चिपांसाठी फक्त एक चिप द्यायची असते. इतक्या स्वस्तात राजा-छक्की टाकून देणं परवडत नाही. म्हणजे आपण मुद्दाम निवडलेला नसला तरी हा हात आपल्यापुढे येणारच.

१९९४मध्ये ली जोन्स यांचं 'विनिंग लो लिमिट होल्डेम' आलं. ते लहान बोलीच्या टेबलांसाठी होतं, जिथे सहा-सात जण फ्लॉप बघतात आणि कोणी सहसा पानं टाकत नाही. पानं मोजकी खेळा, फ्लॉप जुळला नाही तर सोडा, हा त्याचा भर. २००४मध्ये एड मिलर यांनी स्कलान्स्की आणि मालमुथ यांच्यासोबत 'स्मॉल स्टेक्स होल्डेम' लिहिलं, आणि माझ्या मते या विषयावरचं मानवी हातांनी लिहिलेलं सर्वांत विचारी पुस्तक तेच. पॉट मोठा झाला असेल तर चुकीचं फोल्ड ही चुकीच्या कॉलपेक्षा कितीतरी महाग चूक, हे त्यांनी उदाहरणांमागून उदाहरणं देऊन ठसवलं. तोपर्यंत सावध खेळाडू हलका किकर दिसला की अंग काढून घेत असे.

तो हिशेब आपल्या राजा-छक्कीवर करून पाहू. फ्लॉपला पॉटमध्ये साडेचार चिप आहेत. आपण तिन्ही फेऱ्या चेक-कॉल करत गेलो आणि समोरच्याने तिन्ही फेऱ्या बेट केली, तर आपले एक, दोन आणि दोन असे पाच चिप जातात. जिंकलो तर साडेचार अधिक त्याचे पाच, म्हणजे साडेनऊ मिळतात. पाच देऊन साडेनऊ, म्हणजे शंभरात पस्तीस वेळा जिंकलं की तोटा नाही.

आता समोर काय असू शकतं? आपल्याला दिसणारी पाच पानं वगळली तर ४७ उरतात आणि त्यांच्या दोन-दोनच्या १०८१ जोड्या होतात. त्यातल्या आपल्यापेक्षा चांगल्या फक्त ८२. राजासोबत एक्का, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी किंवा सत्ती अशा ४८. राजा-नव्वी, राजा-दुर्री आणि नव्वी-दुर्रीच्या मिळून २१. एक्क्यांची जोडी सहा. नव्व्या, दुर्र्या आणि राजांच्या जोड्या मिळून सात. कोणतीही पानं घेऊन रेज करणारा समोर असेल तर शंभरात आठ वेळासुद्धा आपण मागे नसतो.

उलट टोक घेऊ. पहिल्या जागेवरून क्वचितच रेज करणारा कसलेला माणूस समोर आहे. त्याच्याकडे एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी किंवा नव्वीपासून एक्क्यापर्यंतची कुठली तरी जोडी, एवढंच असू शकतं असं धरू. या फ्लॉपवर अशा ६० जोड्या उरतात. त्यातल्या २६ आपल्या पुढे, ३४ आपल्या मागे. मागे असताना आपल्याला मुख्यतः तीन छक्क्यांचा आधार, आणि दोन पानांत त्यातली एखादी येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. पुढे असताना, समजा त्याच्याकडे दश्श्यांची जोडी असेल, तर त्याला दोनच पानं वाचवू शकतात. ती येण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आत. एक्का-राणीवाल्याला तीन एक्क्यांचा आधार. सगळं मिळवलं तर या कसलेल्या माणसापुढेसुद्धा राजा-छक्की निम्म्यापेक्षा जास्त वेळा जिंकते, आणि आपल्याला हवे होते पस्तीस टक्के. एक्का-राणीवाला मध्येच बेट करायचं थांबवेल, म्हणजे तिन्ही फेऱ्या बेट आली तर आपली बाजू यापेक्षा लंगडी असणार. तशा वेळी एक्का-राणी पूर्ण वगळून मोजलं तरी चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास उरतात.

रिव्हरला तर हिशेब आणखी सोपा होतो. तिथे साडेबारा चिप मिळवायला दोन द्यायचे असतात. सातांत एकदाही जिंकत असू तर कॉल बरोबर. चुकीचा कॉल दोन चिपांना पडतो, चुकीचं फोल्ड साडेबारांना. 'मला माहीत होतं तुझ्याकडे राजा-राणी आहे' म्हणत पानं टाकून देणारा खेळाडू टेबलावर फार हुशार दिसतो, आणि लिमिटमध्ये त्या हुशारीची किंमत तो वर्षभर भरत राहतो.

दोन माणसांच्या डावात खरा वाद आहे तो चेक-कॉल की चेक-रेज याचा. हा हात एकतर बराच पुढे असतो, नाहीतर बराच मागे. मधली अवस्था थोडी. बराच पुढे असताना रेज केलं की मागे असलेली पानं पळून जातात, आणि बराच मागे असताना केलं की आपलीच किंमत वाढते. म्हणून चेक-कॉलवाल्यांचा युक्तिवाद असा, की समोरच्याला बोलू द्यावं, त्याच्या थापा त्याच्याच चिपांनी पुऱ्या होऊ द्याव्यात. हा युक्तिवाद धडाडीने बेट करत राहणाऱ्या माणसापुढे अगदी खरा आहे. पण फ्लॉपवर एक बेट करून टर्नला चेक करणारी माणसंही भरपूर असतात. त्यांच्यापुढे आपण चेक-कॉल करत राहिलो तर त्यांना रिव्हरचं पान फुकट मिळतं आणि आपली वरची जोडी एका चिपेवर थांबते. तिथे फ्लॉपवर चेक-रेज करून टर्नला स्वतः बेट करणं जास्त देतं. माणूस ओळखल्याशिवाय या वादाचा निकाल लागत नाही. दोन्ही बाजूंचे लेखक आपापल्या टेबलावरच्या माणसांचं वर्णन करत होते, असंच मला वाचताना वाटत आलं आहे.

टेबलावर पाच-सहा जण फ्लॉपला आले की चित्र पालटतं. समजा स्मॉल ब्लाइंडवर आपल्याकडे एक्का-पंजी आहे, वेगवेगळ्या रंगांची. कोणी रेज केलं नाही, सहा जण आले, आणि फ्लॉप एक्का-गुलाम-अठ्ठी. एकच प्रतिस्पर्धी असता आणि त्याची पानं कुठलीही असती, तर त्याच्याकडे एक्का असण्याची शक्यता साधारण आठ टक्के. पाच जणांत कोणाकडे तरी एक्का असण्याची शक्यता ३८ टक्के होते, आणि लोक एक्का सहसा टाकत नाहीत म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. शिवाय ज्यांच्याकडे एक्का नाही त्यांच्याकडे मधली जोडी, सरळ रांगेची आशा, असं काहीतरी असतंच. प्रत्येकाची शक्यता थोडी, पण सगळ्यांची मिळून बरीच.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि जुन्या पुस्तकांनीही तिला पुरेशी जागा दिली नाही. हलका किकर पुष्कळदा खेळतच नाही. पाच पानांचा हात बनतो. त्यात दोन एक्के आणि त्याखालची तीन मोठी पानं. टेबलावर गुलाम आणि अठ्ठी आधीच आहेत. टर्न किंवा रिव्हरला अठ्ठीपेक्षा मोठं एखादं पान आलं की आपली पंजी आणि समोरच्याची सत्ती दोन्ही बाहेर पडतात आणि पॉट वाटला जातो. म्हणजे एक्का-दुर्री ते एक्का-सत्ती ही सगळी मंडळी बहुतेक वेळा बरोबरीत असतात. धाक असतो तो राजा, राणी, दश्शी आणि नव्वीचा, आणि गुलाम-अठ्ठीने दोन जोड्या झाल्या असतील त्यांचा. टेबलावरची पानं लहान असतील, समजा एक्का-छक्की-दुर्री, तर मात्र पंजी आणि सत्तीतला फरक शेवटपर्यंत जिवंत राहतो. हलक्या किकरची वरची जोडी टेबल मोठ्या पानांचं असेल तर थोडी निर्धास्त खेळता येते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब तसाच आहे.

गर्दीच्या डावात आधी बोलणाऱ्याच्या हाती एक हत्यार मात्र राहतं : गर्दी कमी करणं. ते कसं वापरायचं हे बेट करणारा कुठे बसलाय यावर ठरतं. बेट शेवटच्या जागेवरून येईल अशी खात्री असेल तर चेक करावं. तो बेट करतो, आपण रेज करतो, आणि मधल्या सगळ्यांना एकदम दोन चिपांचा सामना करावा लागतो. बेट करणारा आपल्या लगेच नंतर बसला असेल तर हीच चाल उलटते : तो बेट करतो, चौघे एकेक चिप टाकून आत येतात, आणि मग आपण रेज केलं तर कोणी जात नाही. अशा वेळी स्वतः बेट करावी आणि त्याने रेज करावं अशी आशा ठेवावी. गर्दी तोच हटवतो. आकड्यांत पाहा. पॉटमध्ये सहा चिप, त्यात एक बेट आली, तर मधल्या जोडीवाल्याला सातास एक भाव मिळतो. त्याला वाचवणारी पाच पानं ४७मध्ये आहेत, म्हणजे त्याला साडेआठास एकच्या जवळपास भाव हवा. पुढच्या फेऱ्यांत मिळणारे चिप धरले तर त्याचा कॉल फारसा चुकत नाही. रेज झालं की पॉट नऊ, द्यायचे दोन, भाव साडेचारास एक. आता तो राहिला तर त्याचं नुकसान आणि गेला तर आपला फायदा. ही मांडणी मिलर यांच्या पुस्तकात सविस्तर आहे, आणि गर्दीच्या टेबलासाठी तिच्याहून चांगलं काही अजून माझ्या वाचनात नाही.

मग यंत्रं आली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाचा 'पोलारिस' हा प्रोग्राम २००७मध्ये व्हँकुव्हरला फिल लाक आणि अली एस्लामी या दोन व्यावसायिकांकडून थोडक्यात हरला आणि २००८मध्ये लास वेगासला माणसांच्या चमूवर जिंकला. जानेवारी २०१५मध्ये त्याच विद्यापीठातल्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केलं की दोन माणसांचा लिमिट होल्डेम सुटला आहे. त्यांच्या 'सेफियस'ने हजारो संगणक-प्रोसेसर दोन महिन्यांहून जास्त चालवून, स्वतःशीच खेळून आणि न घेतलेल्या निर्णयांचा पश्चात्ताप मोजून ही पद्धत शोधली. माणसाने आयुष्यभर खेळलं तरी तिच्यातली उणीव पकडता येणार नाही, इतकी ती बिनचूकतेच्या जवळ आहे.

आपल्या प्रश्नासाठी त्यातलं सर्वांत मोलाचं म्हणजे जागेची किंमत पहिल्यांदाच आकड्यात आली. दोन्ही बाजूंनी बिनचूक खेळ झाला तर शेवटी बोलणारा बिग ब्लाइंडच्या सुमारे ८८ ते ९० सहस्रांश इतकं दर डावाला जिंकतो. बिग ब्लाइंड एक चिपचा असेल तर हजार डावांत नव्वदच्या आत-बाहेर चिप. बिग ब्लाइंडवर बसून प्रत्येक डाव सोडून दिला तर हजार डावांत हजार चिप जातील. म्हणजे आधी बोलण्याचा तोटा खरा आहे, कायमचा आहे, पण घाबरून पानं टाकण्याच्या तोट्यापुढे तो लहान आहे. 'सेफियस'चा बिग ब्लाइंडवरचा खेळ माणसांच्या रिवाजापेक्षा बराच रुंद आहे. ज्या पानांना जुनी पुस्तकं कचरा म्हणत, त्यातली कितीतरी तो खेळतो. राजा-छक्कीवर वरची जोडी लागणं त्याच्या दृष्टीने सुदैव आहे, संकट नाही. तो नेहमी एकच चालही खेळत नाही. एकाच हातावर कधी चेक-कॉल, कधी चेक-रेज असं ठरलेल्या प्रमाणात मिसळतो. चेक-कॉल की चेक-रेज हा पुस्तकांतला वाद यंत्राने असा मिटवला, निदान जिथे समोरच्याविषयी काही ठाऊक नाही तिथे.

हे सगळं खेळून कुठे पाहायचं, हा रत्नागिरीतल्या वाचकाचा साधा प्रश्न. पैशांवर घरात किंवा क्लबात खेळणं धोक्याचं आहे. मूळ मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. त्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, पण पोकरला तसा निर्विवाद शिक्का नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याला जुगारच म्हटलं. राज्यात कॅसिनोंसाठी १९७६चा एक कायदा होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३मध्ये रद्द झाला. मोबाइलवरची वाट केंद्राच्या ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद झाली. पैशांचा ऑनलाइन खेळ आता कौशल्याचा असो वा नशिबाचा, मनाईतच येतो. महामार्गाने खाली पणजीला मांडवीतल्या बोटींवर पोकर चालतं, पण टेबलांवर बोलबाला नो-लिमिटचा. मला यात फार नुकसान दिसत नाही. लिमिटची बोली ठरलेली असल्याने हा खेळ चिंचोक्यांवरही खोटा वाटत नाही. नो-लिमिट चिंचोक्यांवर खेळलं की पाचव्या मिनिटाला सगळे रास ढकलतात. लिमिटमध्ये एका चिंचोक्याचा विचार करावाच लागतो. गणपतीतल्या जागरणाला सहा जण बसले की या लेखातला प्रत्येक हिशेब तपासता येतो.

एक मोठा भाग अजून कोणी सोडवलेला नाही. 'सेफियस'चं उत्तर दोघांपुरतं आहे. २०१९मध्ये 'प्लुरिबस'ने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवलं, पण तो खेळ नो-लिमिट होता, आणि जिंकणं म्हणजे खेळ सुटणं नव्हे. सहा जणांच्या लिमिट टेबलावर स्मॉल ब्लाइंडच्या एक्का-पंजीचं काय करायचं, याचं सिद्ध उत्तर कुठल्याही यंत्राकडे नाही. मी तिथे बेट करतो. चेक केलं आणि सगळ्यांनी चेक केलं तर पाच जणांना टर्नचं पान फुकट मिळतं, आणि ते मला सर्वांत महाग वाटतं. लगेच मागच्याने रेज केलं आणि बाकीचे गेले तर त्या एकट्यासोबत कॉल करत शेवटपर्यंत जातो. शेवटच्या जागेवरून, मध्ये तिघे आत असताना, एरवी गप्प बसणाऱ्याने रेज केलं तर टर्नला चेक करतो, आणि तिथे बेटवर पुन्हा रेज झालं तर पानं ठेवून देतो. त्या जागेवर पस्तीस टक्क्यांचा हिशेब लागू पडत नाही. दोनऐवजी चार चिप द्यायचे असतात आणि पुढे दोघा-तिघांपैकी एकाकडे राजा किंवा राणी सोबतीला घेतलेला एक्का बहुधा असतोच.